बाईंनी कुणाचं काही सांगितलं नाही

विशाखाबाईंच्या मुलाचा, सुगतचा फोन आला तेव्हा मी अमरावतीला लेकीच्या घरी भाजी निवडत बसले होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. मिळेल ती गाडी पकडून मी अकोल्याला निघाले. बडनेऱ्याच्या पुढे खिडकीबाहेर कपाशीची शेतं मागे पडत होती आणि मला रडू येत नव्हतं. छातीत जे भरून येत होतं तो अभिमान होता. डॉ. विशाखाबाईंच्या हाताखाली आपण काम केलं, हे सांगायला आपल्याला आयुष्यभर पुरेल, असं सारखं वाटत होतं.

अकोल्याबाहेरच्या एका सूतगिरणीच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या आणि मी त्यांची नर्स. बाई अकोल्याच्याच, वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, घरातल्या त्या पहिल्या डॉक्टर. आवाज खणखणीत आणि हसणं त्याहून मोठं. त्या रुजू झाल्या तेव्हा कामगारांच्या तपासणीचे कागद टाइम ऑफिसातल्या उघड्या फळीवर पडलेले असत. हजेरी घेणारे कारकून येता-जाता कोणाचाही कागद काढून वाचायचे. कोणाला क्षय आहे, कोणाला साखर आहे, कोणाला मूल होत नाही, हे सगळं दुपारपर्यंत गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर पोचलेलं असायचं. त्यामुळे कामगार दवाखान्यात खरं बोलतच नसत. खोकून बेजार झालेला माणूसही पाय दुखतो म्हणून गोळी मागायचा.

बाईंनी ऑफिसकडे कुलपाचं कपाट मागितलं. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर आलं. मग एका सकाळी त्यांनी लग्नात माहेरहून मिळालेलं स्वतःचं लोखंडी कपाट हातगाडीवर घालून आणलं आणि गेटपासून दवाखान्यापर्यंत गाडीला स्वतः हात लावला. कामगार हसत होते, बाईही हसत होत्या. सगळे कागद त्यात गेले. एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. दाराशी असलेला बाक त्यांनी उचलून लांब निंबाखाली नेला, म्हणजे आतलं बोलणं रांगेत बसलेल्यांच्या कानावर जायला नको. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "शाहीन, इथं आईकलेलं इथंच राह्यलं पाह्यजे. घरी नवऱ्यालेही नाही." माझ्या नवऱ्याचं सायकलचं दुकान, निम्मी गिऱ्हाइकं गिरणीतली. अमक्याला काय झालंय गं, असं ते सहज विचारायचे. त्यालाच विचारा, म्हणायची मी. सुरुवातीला रुसले, मग विचारणंच सोडून दिलं त्यांनी. इकडे हळूहळू लोक दवाखान्यात खरं बोलू लागले. खोकला असणारे खोकला सांगू लागले.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वाईट वर्षं आली. आमचे बहुतेक कामगार शेतकऱ्यांची मुलं. गावाकडून येणारी बातमी कधी चुलत्याची असायची, कधी शेजाऱ्याची, कधी सख्ख्या भावाची. माणसं कामावर यायची, पण डोळ्यांत झोप नसायची. असाच एक कामगार एकदा दवाखान्यात येऊन नुसता बसून राहिला. बाईंनी मला बाहेर पाठवलं. बऱ्याच वेळानं तो डोळे पुसत बाहेर पडला आणि त्याच दिवशी बाईंनी चिठ्ठी दिली, की याला काही दिवस यंत्रावर ठेवू नये, गोदामात काम द्यावं. कारण लिहिलं नव्हतं. त्याच्या औषधांसाठी बाई त्याला शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवत राहिल्या.

गिरणीचंही तेव्हा बरं चाललं नव्हतं. कामगार कमी करायचे ठरलं. नवे मॅनेजर बाहेरगावचे, बोलायला गोड. त्यांनी बाईंना बोलावून छातीचे आणि डोक्याचे पेशंट कोण ते सांगा म्हटलं. आधी त्यांनाच घरी पाठवायचं होतं. वर त्यांनी असंही म्हटलं, की डोकं ठिकाणावर नसलेला माणूस यंत्रावर उभा राहिला आणि काही झालं तर जबाबदार कोण? ते बोलणं अगदीच चूक नव्हतं, हे बाईंनीही मान्य केलं. त्या म्हणाल्या, "कोणाला यंत्रावर ठेवायचं नाही ते मी लिहून देते, त्याची जबाबदारी माझी. पण कोणाला काय झालंय, ते त्याचं आणि माझं."

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेब कुलूप उघडायला किल्लीवाल्याला घेऊनच दवाखान्यात आले. कागद गिरणीचे आहेत, म्हणाले. बाईंनी आपली खुर्ची उचलली, कपाटाच्या दाराला टेकवली, तिच्यावर बसल्या आणि मला पुढचा पेशंट आत पाठवायला सांगितलं. पेशंट दारात थबकला. किल्लीवाला पिशवी धरून माझ्याकडे बघत राहिला. साहेबांनी आवाज खाली आणून, तुमची नोकरी जाईल बाई, असं सांगितलं. तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"साहेब, ह्या कपाटात तुमचाही कागद आहे. तुम्ही रुजू झालात तेव्हा मीच तपासलं होतं तुम्हाला. उद्या संचालकांनी तो मागितला, तर देऊ?"

त्यात धमकी नव्हती. त्या खरोखरच विचारत होत्या. साहेब किल्लीवाल्याला, चल, म्हणाले. त्यांच्या कागदात काय होतं ते मला आजही माहीत नाही. किल्ली माझ्याकडेही होती, पण तो कागद मी कधी उघडला नाही.

माणसं कमी झालीच. पण जे शेवटी लागले ते आधी गेले, आजारी म्हणून एकालाही काढलं गेलं नाही. बाईंना नेणारी-आणणारी गिरणीची गाडी मात्र बंद झाली. त्या कामगारांसोबत ऑटोत दाटीवाटीनं बसून येऊ लागल्या आणि उतरताना सगळ्यांत मोठ्यानं हसत असायच्या.

पुढे गिरणीच बंद पडली. युनियनच्या लोकांना भरपाईच्या दाव्यासाठी कापसाच्या धुळीनं छाती बिघडलेल्या पेशंटांचे सगळे कागद एकदम हवे होते. हेतू चांगला होता, पण बाई त्यांनाही नाही म्हणाल्या. ज्याचा कागद त्यानं येऊन न्यावा आणि वाटेल त्याला द्यावा. जो आला त्याच्याजवळ बसून त्यांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, अर्ज लिहून दिले. जे आले नाहीत त्यांच्या गावी आम्ही दोघी एस.टी.नं गेलो. मूर्तिजापूरकडे, बाळापूरकडे, दर्यापूरच्या अलीकडे. बाई बंद पाकीट त्या माणसाच्या हातात द्यायच्या. घरात तो नसेल तर बायकोलाही द्यायच्या नाहीत, तो शेतातून येईपर्यंत ओट्यावर बसून राहायच्या. कपाट रिकामं झालं त्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला.

शोकसभा त्यांच्या वस्तीतल्या विहारात झाली. गिरणी बंद होऊन इतकी वर्षं लोटली, तरी कामगार इतके आले की बाहेर सतरंज्या टाकाव्या लागल्या. बोलणाऱ्यांत एक पिकल्या केसांचा माणूस उठला. गजानन. गोदामातल्या कामाची चिठ्ठी ज्याला दिली होती, तोच. माईक न घेताच तो बोलू लागला.

"माया भाऊ गेला तवा मलेबी जगू वाटे ना. बाईले सांगतलं. बाईनं मले यंत्रावरून काढलं, दवा सुरू केली, पन कोनाले काहून ते नाही सांगतलं. मायी नोकरी राह्यली, पोरीचं लगन झालं. आज मी सोताच सांगून राह्यलो. लाज नाही वाटत."

तो खाली बसला. शेजारच्या माणसानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो जे बोलला तेवढंच मी इथं लिहिलं आहे.

सभा संपल्यावर सुगतच्या घरी चहा झाला. बायका माझ्याभोवती बसल्या. त्यातल्या एकीनं विचारलं, की बाईंना नेमकं काय झालं होतं? मला माहीत होतं. हिवाळ्यात बाईंनी स्वतःच मला घरी बोलावून रिपोर्ट दाखवले होते आणि आपल्या हातानं परत ठेवून दिले होते. तब्येत बरी नव्हती त्यांची, म्हटलं मी. तिनं पुन्हा विचारलं, इतकी वर्षं सोबत होतात, तुम्हाला तर सांगितलंच असेल. खोलीच्या त्या टोकाहून सुगत माझ्याकडे पाहत होता.

"हो, मला सांगितलं होतं," मी म्हटलं, आणि रिकामे कप गोळा करायला उठले.