तुमच्या आईचं फ्रेंच

तुम्ही कॅनडात कसे गेलात, हे तुमचे बाबा दोन वाक्यांत उरकतील. म्हणून मी क्रमानं लिहून ठेवते. तुमची आई वाचून दाखवेल.

अमेरिकेत, कॅरी गावात तुमचं घर आमच्या घरापासून, म्हणजे मी, तुमची आजी, आणि तुमची आत्या राहतो तिथून, गाडीनं दहा मिनिटांवर होतं. शुक्रवारी शाळा सुटली की तुम्ही दोघं माझ्याकडे यायचात. मी मराठीत विचारायची, तुम्ही इंग्रजीत उत्तर द्यायचात, आणि थालीपिठं संपायची.

तुमचे बाबा कामाच्या व्हिसावर होते. त्यांच्या ग्रीन कार्डाचा नंबर कधी लागेल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आत्या इथली नागरिक झालेली, तिच्यामुळे मला कार्ड लवकर मिळालं. म्हणजे जिला इथे कसलंच काम करायचं नव्हतं ती कायमची, आणि जो इतकी वर्षं नोकरी करत होता तो तात्पुरता. बाबांना त्याचं फारसं काही नव्हतं. त्यांना काळजी थोरलीची होती. थोरले, तू पुण्यात जन्मलेली. एकविसाव्या वर्षी तू त्यांच्या अर्जातून बाहेर पडणार होतीस, आणि मग तुझं तुलाच पहिल्यापासून बघावं लागलं असतं. धाकटा इथेच जन्मला, त्याला ती अडचण नव्हती. एका घरात दोन भावंडांचं असं वेगवेगळं होतं.

मग बाबांना कुठेतरी कळलं, की कॅनडातल्या काही छोट्या गावांना फ्रेंच बोलणारी माणसं हवी आहेत. गावातली नोकरी मिळाली आणि फ्रेंचची परीक्षा पास झाली, तर सगळ्या कुटुंबाला कायमचं राहता येतं. बाबांनी शाळेत मार्क मिळतात म्हणून संस्कृत घेतलेलं. आत्या म्हणाली, "दादा, संस्कृतवाल्यांसाठी एखादं गाव आहे का बघ ना." तुमच्या आईनं कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं, तेही मार्कांसाठीच. इतकी वर्षं ती बाबांच्या व्हिसावर होती, तिला नोकरीची परवानगीसुद्धा नव्हती. आता सगळं तिच्यावर आलं.

तयारी करून घ्यायचं काम मी अंगावर घेतलं. मला फ्रेंच येत नाही, पण परीक्षा कशी द्यायची हे येतं, असं मला वाटत होतं. आईनं प्रश्न देवनागरीत लिहून दिले. मी ते मोठ्यानं वाचायची आणि ती पाठ केलेली उत्तरं म्हणायची. अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही सगळे असेच शिकलो. त्यात एक प्रश्न होता, तुम्हाला छोट्या गावात का राहायचंय. तिचं उत्तर लांबलचक होतं. रोज ऐकून मला त्याची चालसुद्धा पाठ झाली, पण त्याचा अर्थ मात्र मी तिला एकदाही विचारला नाही. विचारायला हवा होता.

पहिल्यांदा ती बोलण्यात नापास झाली. घरी येऊन हसत सांगत होती, पण डोळे लाल होते. "आई, त्या परीक्षक बाईनं विचारलं, घराजवळ दुकान कुठलं? आणि मी माझा बागकामाचा छंद सांगत सुटले. ती थांबवतेय, मी थांबतच नाही."

त्यानंतर आमचा अभ्यास बंद झाला. लायब्ररीत तिची फ्रेंच बोलणाऱ्या एका सेनेगलच्या बाईशी ओळख झाली. त्या दोघी तळ्याभोवती फिरायच्या, भाज्यांचे भाव, नवरे, मुलांच्या शाळा, काय वाटेल ते बोलायच्या. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पुढे उत्तरेकडच्या एका गावात, वृद्धाश्रमाच्या ऑफिसात तिला नोकरी लागली. तिथल्या आज्या तिचे उच्चार सुधारतात, असं ती फोनवर कौतुकानं सांगते. मी ऐकून घेते.

निघताना बाबा म्हणाले होते, "आई, तिकडचं नागरिकत्व मिळू दे, मग इकडे परत येऊन नोकरी करणं सोपं जातं. तेव्हा बघू." या "बघू"वर मी बरेच दिवस काढले. तुमच्याकडे राहायला यावं, तर माझ्या कार्डावर फार काळ देशाबाहेर राहता येत नाही, आणि तुमची थंडी माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. तेव्हा वाट बघायची ती तुमच्याच येण्याची, असं मी ठरवून टाकलं होतं.

या वसंतात बाबांचा फोन आला. सगळ्यांचे कायमच्या वास्तव्याचे कागद आले होते. थोरलीचा प्रश्न सुटला. मी देवापुढे साखर ठेवली आणि फोनवरच विचारलं, मग आता इकडचं कधी बघायचं?

ते म्हणाले, "आई, आता परत कुठे? पोरं रमलीत. हिचं नाव झालंय इथे. आम्ही घर बुक केलं."

ते चूक म्हणाले नाहीत. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. कायमचं मिळावं म्हणूनच तर सगळे धडपडलो, आणि कायमचं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं असंही नाही.

आत्यानं स्वयंपाकघरातून विचारलं, काय म्हणतोय दादा, येतायत का? मी म्हटलं, "येतील. उन्हाळ्यात, आठवडाभर." ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग पाहुण्यांची खोली आवरायला हवी."