मास्तरचं माप

कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, मग ती बाई का असेना. कोट आणि गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिची कात्री इतकी वर्षं चालली होती की घरी नवरासुद्धा तिला मास्तरच म्हणायचा. तिचा एक नियम होता. ट्रायल घेतल्याशिवाय कपडा द्यायचा नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "आधी अंगात घाला, हात वर करा, खाली बसून दाखवा," आणि मगच कोट कागदात बांधला जायचा.

तर कारखान्याकडे जाणारी बस बंद झाली. शिलाईवाले मशीनवर बसायच्या आत कापड बेतून तयार लागतं, त्यामुळे मास्तरला उशीर करून चालत नाही. सायकल घ्यायचं ठरलं, आणि घरात जो तो सायकलीतला जाणकार झाला. नवरा म्हणाला, "सगळ्यांना चालवता येईल अशी घे." म्हणजे कोणालाच धड चालवता येणार नाही अशी. शेजारीण म्हणाली, "या वयात?" आणि दीर! त्याच्या तर अंगात वारंच शिरलं. त्याने शेवटची सायकल शाळेत असताना चालवली होती, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"वहिनी, घ्यायची तर रोड बाइकच घ्या. बारीक टायर, वाकडं हँडल. नुसती पळते बघा."

मास्तरचं मागणं साधं होतं. रस्ता डांबरी, मध्ये एक चढाचा पूल, पाठीवर डब्याची पिशवी, आणि किंमत अशी की कोणापुढे हात पसरायला नको. दुकानात दिराची नजर एका निळ्या सायकलीवर बसली. शेवटचा नग म्हणून ती स्वस्त होती. तो नग शेवटपर्यंत का उरला, हे मात्र कोणी विचारलं नाही.

"मी जरा चालवून बघते," मास्तर म्हणाली.

"मी बघितली ना चालवून! एकदम लोणी."

मागे लोक खोळंबले होते, दुकानदार पेन उघडून बसला होता. मास्तरने पैसे मोजून दिले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय म्हणायचं?

पहिल्याच दिवशी तिला कळून चुकलं. सिग्नलला थांबलं की पायाचा जेमतेम अंगठा टेकायचा. हँडल इतकं पुढे की सगळा भार तळहातांवर. आठवडाभरात उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. तिने कारखान्यात कोणाला सांगितलं नाही. आणि एका सकाळी, चांगल्या भारी कापडाचा कोट बेतताना, कात्री खडूची रेघ सोडून आत गेली.

मालकाने तो तुकडा उजेडात धरून पाहिला. ओरडला नाही, तेच वाईट. "मास्तर, काही दिवस तुम्ही नुसत्या खुणा करा. कात्री दुसरा मास्तर चालवेल. हात असाच चुकत राहिला, तर पुढचं बघावं लागेल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. तिची कात्री आजवर दुसऱ्याने उचलली नव्हती.

संध्याकाळी दीर म्हणाला, "सवय होईल हो, वहिनी."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोट काखेत काचला तर मी गिऱ्हाइकाला सांगते का, सवय होईल म्हणून?"

"सीट खाली घेऊन बघा."

"घेतली! पाय टेकले. हँडल आहे तिथेच आहे. हात काय ओढून लांब करू?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊनच दुकानात गेली. मागच्या खोलीत दुरुस्ती करणाऱ्या माणसाने तिला सायकलवर बसवून पाहिलं आणि मान हलवली. "ही उंच माणसाची आहे, बाई. म्हणून तर उरली होती. थोडं नुकसान सोसलंत तर परत घेऊ. तुमच्या बेताची एक वापरलेली आहे, सरळ हँडलची. आधी तुमचं माप सांगा. हात किती, पाय किती?"

मालकाच्या पोटाचा घेर, नवऱ्याचे खांदे, वर्षातून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकाची बाही, सगळं मास्तरला तोंडपाठ. स्वतःचं मात्र काहीच नाही. स्वतःचे कपडे ती उरल्यासुरल्या कापडात अंदाजाने बसवायची, आणि कमी पडलं तर श्वास आत घ्यायची. सायकलही उरलेलीच घेतली होती. तिला दिराचा राग आला होताच, आता स्वतःचा त्याहून जास्त आला.

तिने पिशवीतून टेप काढली, दिराच्या हातात दिली आणि उजवा हात समोर लांब केला. करंगळी अजून बधिरच होती.

"धरा."

दिराने टेप उलटी धरली. "अंदाजे सांगू का, वहिनी? साधारण..."

"अंदाजे नको, भाऊजी. माझं माप आहे, नीट घ्या."