इथिओपियाहून न आलेले सर

आमच्या श्रीरामपूरच्या हायस्कुलात गणिताचे एक सर होते. एरवी एकमेकांची तोंडं न बघणारे आम्ही मास्तर, त्यांच्यापुढे घरचं रडगाणं गायला मात्र नंबर लावायचो. त्यांच्या स्वतःच्या घरचा विषय निघाला की ते हसून डबा उघडत. पुढे ते इथिओपियात शिकवायला गेले. एकदा सुट्टीवर आले ते तिकडच्या कॉफीच्या बिया घेऊन. बिया आधी भाजायच्या असतात हे इथे कुणाला माहीत! हेडमास्तरांच्या पत्नीने त्या तशाच गूळ घालून उकळल्या आणि आम्ही तोंड वाकडं न करता प्यालो. इतका त्या माणसावर जीव.

दुष्काळाच्या साली ते तिकडेच तापाने गेले. शाळेत तार आली. दहनही तिकडेच झालं, अस्थीसुद्धा आल्या नाहीत. दहाव्याला आम्ही काही मास्तर श्रीगोंद्याकडे त्यांच्या गावी गेलो. नदी कोरडी पडलेली, विधीचं पाणी घागरीतून आणलेलं.

पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. बाभळीवर बसून नुसता बघत होता. मेलेल्याची इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. वडिलांनी हात जोडले, "धाकटीचं लगीन मी करतो. तू घोर करू नगंस." कावळा जागचा हलला नाही. भावाने आईला सांभाळायचा शब्द दिला. मग आमची पाळी आली. हेडमास्तर म्हणाले, "तुमचा वर्ग आम्ही वाऱ्यावर सोडणार नाही." मला चीडच आली. कधीच मागे सोडलेल्या मॅट्रिकच्या वर्गासाठी का कुणाचा जीव अडकतो? पण पुढे झालो तेव्हा मलाही दुसरं काही सुचेना.

ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. झालं एकदाचं, असं म्हणत लोक धोतरं झटकून उठले.

आई बायकांतून उठून आमच्याकडे आली.

"मास्तर, तुमच्यात लई रमायचा त्यो. तुमाला ठावं आसंल. काय राह्यलं हुतं त्याचं? सांगा, मी करते."

हेडमास्तर खाली बघायला लागले. इतकं हतबल मला आयुष्यात कधी वाटलं नाही. ती माउली एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी होती आणि आमच्यातल्या एकालाही काही ठाऊक नव्हतं.