ग्दान्स्क फोटोंवरून उभं राहिलं, आमची खोली मात्र…

मंडळी, पोलंडमधल्या ग्दान्स्कहून आज सकाळीच सिंगापूरला परतलो. युद्धात बेचिराख झालेलं हे बाल्टिक बंदर लोकांनी जुने फोटो बघून, अगदी खिडक्यांच्या नक्षीसकट, पुन्हा उभं केलंय.

एअरपोर्टवरून टॅक्सी मुद्दाम बुओना व्हिस्टाकडून घेतली. लग्नानंतरची आमची पहिली भाड्याची खोली तिथे होती. ती इमारत पाडून आता काँडो, म्हणजे महागड्या फ्लॅट्सचा टॉवर, झालाय.

लेक म्हणाली, "बाबा, ओल्ड हाउसचा फोटो दाखव ना!"

घरी येऊन सगळे अल्बम काढले. मरीना बेच्या झगमगाटाचे ढीगभर फोटो, खोलीचा एकही नाही. एवढ्याशा जागेत राहतो हे पुण्यात आईला कळू नये, म्हणून कधी काढलाच नव्हता.

बायको म्हणाली, "दार हिरवं होतं."

मला ते निळं आठवतंय.

तुमच्याकडे आहे का हो, तुमच्या पहिल्या दाराचा फोटो?