केसभर उजवीकडे

केनवडच्या देवमनचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. ते आधी शिंप्याच्या लक्षात आलं, मग बायकोच्या आणि सगळ्यात शेवटी देवमनच्या. स्वतःच्या अंगाकडे पाहायला त्याला सवड होती कुठे?

देवमन जत्रेजत्रेत फुगे फोडायची बंदूक घेऊन फिरायचा. छर्ऱ्याची बंदूक. तिचं कौतुक पाहणाऱ्यांना. चालवणाऱ्याला ती फार वंगाळ. दर बाराला नळी मधोमध मोडून खाली ओढायची, आतली स्प्रिंग दाबली गेली की शिशाचा बारका छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. गिऱ्हाईक एक डोळा मिटून, छाती फुगवून घोडा दाबणार आणि वाहवा घेणार. भरल्या जत्रेत ही ओढाताण दिवसाला पाचशे-सहाशे वेळा. शिरपूर, लोणी, पोहरादेवी, कारंजा, अठरा वर्षं.

छप्पन साली तो नागपूरला दीक्षेला गेला होता. परत आल्यावर त्याने गावकीची कामं सोडली. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाला आणि पुढच्याच वर्षी नागपूरच्या जुन्या बाजारातून ही बंदूक घेऊन आला. गावात पुष्कळ थट्टा झाली. पण जत्रेत पहिल्या दिवशी एका पाटलाच्या पोराने त्याच्या हातातून बंदूक घेतली, झाडली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली. तुझं गाव कोणतं, आडनाव काय, काही नाही. देवमनला त्या दिवशी जेवण गोड लागलं. तेव्हापासून ही बंदूक म्हणजे त्याची इभ्रत होती.

आता १९७५ साल उजाडलं होतं. दुष्काळाच्या दोन वर्षांत जत्रा ओस पडल्या होत्या, त्या पुन्हा भरू लागल्या, आणि नेमका तेव्हाच हाताने असहकार पुकारला. संध्याकाळी हात खांद्यावर जाईना. शर्टाची बटणं बायको, वच्छला, लावून द्यायची, आणि तो दुसरीकडे पाहत उभा राहायचा, एखाद्या लहान मुलासारखा. रिसोडच्या डॉक्टरने खांदा दाबून पाहिला आणि सांगितलं, "हे काम सोड, नाहीतर एक दिवस हातच उचलणार नाही." काम सोडायचं म्हणजे गावात परत जाऊन ज्यांची कामं नाकारली त्यांच्याच दारात उभं राहायचं. त्या विचारानेच देवमनला थकवा यायचा. खांदा दुखायचा तो वेगळाच.

वच्छलाचं काम फुगे टांगायच्या पाटीच्या मागे. फुगे फुगवणं. पंप वगैरे काही नाही, तोंडाने. एक फुटला की दुसरा. तिचे गाल सैल पडले होते, आणि जत्रेच्या दिवसांत तिला भाकरीलाही रबराचा वास यायचा. पण ती कधी बोलली नाही, आणि देवमननेही विचारलं नाही. दोघंही पाटीच्या दोन बाजूंना, आपापल्या कामात बुडालेली.

एक गोष्ट मात्र देवमनने तिच्यापासून लपवली होती. धंद्याच्या दुसऱ्याच वर्षी, पहिली मुलगी पोटात असताना, पोहरादेवीच्या जत्रेत रजेवर आलेल्या एका शिपायाने ओळीने चाळीस फुगे फोडले. लोक टाळ्या वाजवत होते आणि पाटीमागे वच्छला चक्कर येऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवमनने पक्कड घेतली आणि नळीच्या टोकावर नेम धरायला असते ती बारकी माशी केसभर उजवीकडे वाकवली. आता सरळ नेम धरणाऱ्याचा छर्रा डावीकडे जाऊ लागला. फुगे कमी फुटू लागले. धंद्यातले लोक अशी लबाडी करतातच, म्हणून शेजारच्या दुकानदारांपैकी कोणी विचारलं तर तो हसून धंद्याचंच कारण सांगायचा. बायकोचा श्वास वाचावा म्हणून माशी वाकवली, हे चारचौघांत सांगायला त्याला लाज वाटायची.

गिऱ्हाईक कुरकुरलं, बंदूक वाकडी आहे म्हणालं, की देवमन स्वतः बंदूक घ्यायचा आणि पहिल्या बारात फुगा फोडून दाखवायचा. गिऱ्हाईक वरमायचं. केसभर उजवीकडे धरायचं, एवढंच तर होतं. पुढे पुढे तो ते मुद्दाम धरेनासा झाला. हातच आपसूक तिकडे जायचा.

अशात पोहरादेवीच्या तांड्यावरचा सेवालाल, जो जत्रेत त्याच्या शेजारी बांगड्या मांडायचा, एक बातमी घेऊन आला. "कारंज्याले मदनसिंगच्या दुकानात एक बंदूक आली हाय. मोडा लागत नाही तिले. घोडा दाबत राह्य, छर्रे सुटत राह्यतात. तुह्या हाताचं औषद हाय ते."

देवमन जवळच्या मालेगावला गाडी बदलून कारंज्याला गेला. मदनसिंगच्या दुकानात शेतकरी रानडुकरांसाठी काडतुसं घ्यायला यायचे. फुगेवाला गिऱ्हाईक म्हणून मदनसिंगने तोंड वाकडं केलं नाही. कपाटातून फडक्यात गुंडाळलेली बंदूक काढली. रेल्वेच्या एका निवृत्त साहेबाची, विलायती. नळीखालची दांडी जमिनीवर टेकवून अंगाच्या भाराने आठ-दहा वेळा दाबली की आत हवा भरायची. मग नुसता घोडा दाबायचा. पुढचा छर्रा आपला आपण येऊन बसायचा. दहा छर्रे एकामागून एक.

"खांद्याले काही काम नाही," मदनसिंग म्हणाला. "पोट टेकवून दाबली तरी भरते. सेमी ऑटोमॅटिक म्हनतात याले. इकडं कोनी घेत नाही, म्हून सस्ती देऊन राह्यलो. लायसनचं लचांड नाही."

किंमत ऐकून देवमनचा जीव भांड्यात पडला. साधी नवी बंदूक घेतली असती तर याहून थोडीच कमी पडली असती. जुनीची स्प्रिंग बसत आली होती, नवी कुठली तरी घ्यायलाच हवी होती, म्हणून साधी बंदूकही मदनसिंगने बाजूला काढून ठेवली. ती देशी, नळी मोडायची, अगदी त्याच्या जुनीची धाकटी बहीण.

"झाडून पाहा ना मागं," मदनसिंग म्हणाला.

दुकानामागच्या अंगणात भिंतीला पुठ्ठा टांगला होता, त्यावर काळा ठिपका. देवमनने दांडीवर भार दिला. खांद्याला काही कळलंसुद्धा नाही. त्याने नेम धरला. दहा बार झाडले, एका दमात. किती वर्षांनी बंदूक झाडताना दुखलं नव्हतं! आनंदाने तो पुठ्ठ्याजवळ गेला, आणि त्याचा चेहरा पडला. काळा ठिपका कोरा करकरीत. दहाही छर्रे उजवीकडे, चार बोटांवर.

"उजवी मारून राह्यली," तो म्हणाला.

"पन एका जागी पाहा ना, देवमनभाऊ! आठ आन्याच्या नान्याखाली दहाही झाकतात. बंदूक एक नंबर हाय. तुमचा नेम उजवीकडे जाऊन राह्यला."

हे मात्र मदनसिंगने बोलायला नको होतं. देवमनला झोंबलं. अठरा वर्षं जत्रेत लोक बोट दाखवतील तो फुगा फोडून दाखवणारा माणूस तो, आणि त्याला हा काडतुसं मोजणारा नेम शिकवणार! त्याने माशी निरखून पाहिली. उजेडात धरून पाहिली. माशी सुतात होती. आता त्याचा तर्क सरळ धावला: माशी वाकडी असती तर पकडीने सरळ केली असती, माशी सरळ आहे आणि तरी छर्रा उजवीकडे जातो, म्हणजे नळीच वाकलेली. साहेबाने कुठेतरी आपटली असणार. वाकडी नळी काही पकडीने सरळ होत नाही.

मग त्याने साधी बंदूक घेतली. नळी मोडताना खांद्यातून कळ गेली, ती त्याने दात दाबून गिळली. पाच बार. तीन ठिपक्यात, दोन कडेला.

"हे पाहा," देवमन म्हणाला. तिची माशी त्याने पाहिलीच नाही. जी बंदूक सरळ मारते तिची माशी कशाला पाहायची?

मदनसिंगने पुठ्ठ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "मी अजून सांगतो, पहिली घ्या."

"मले वाकडा माल नाही पायजे," देवमन म्हणाला, आणि साधी बंदूक खांद्याला अडकवून, डाव्या खांद्याला, एस.टी. स्टँडकडे चालू लागला. गाडीत त्याला बसायला जागा मिळाली नाही. तो मालेगावपर्यंत उभाच आला, आणि सगळ्या वाटेत आपण फसलो नाही याचंच समाधान मानत आला.

दुसऱ्या दिवशी अंगणात पाटी उभी केली. वच्छलाने पाच फुगे फुगवून लावले. देवमनने तीन बारांत तीन फोडले आणि मिशीत हसला.

"द्या मले," वच्छला म्हणाली.

"तुले?"

"काहून? अठरा वर्सं फुगे फुगोले. एक तरी फोडू द्या."

त्याने कळ सोसत नळी मोडली आणि बंदूक दिली. वच्छलाने पदर खोचला, निशाण धरलं. छर्रा मागच्या गोणपाटात. पुन्हा तेच. पुन्हा तेच. चौथ्या बाराला डावीकडचा पिवळा फुगा फुटला.

"वा वो नेमबाज!" देवमन म्हणाला.

"मी पिवळ्यावर नाही धरला. लालवर धरला व्हता." ती पाटीजवळ गेली आणि गोणपाटातली भोकं बोटाने चाचपू लागली. "हे पाहा. चारी बार डावीकडंच गेले. एवढेच, चार बोटं. मानसाची चूक एकदा इकडं व्हते, एकदा तिकडं व्हते. चारदा एकाच जागी कशी व्हईन?"

देवमनने बंदूक हातात घेतली आणि नळीचं टोक उजेडात धरलं. माशी केसभर उजवीकडे वाकलेली होती. दुकानात येताना वाटेत कुठे खोकं आदळलं असेल, नाहीतर कारखान्यातच चुकलं असेल. अगदी त्याच्या जुनीसारखी. ज्या बंदुकीला त्याने वाकडी म्हटलं ती सरळ होती, आणि जिला सरळ समजून आणली ती वाकडी. मधे वाकडा होता तो त्याचा हात. तो तसाच ओट्यावर बसला. त्याला स्वतःचा राग आला, मग मदनसिंगचा आला, आणि मग राग करायलाही बळ उरलं नाही.

दोन दिवसांनी तो बंदूक बदलून घ्यायला पुन्हा कारंज्याला गेला. मदनसिंगने त्याला चहा पाजला. विलायती बंदूक अमरावतीच्या एका मास्तराने नेली होती, पोरांना निशाणबाजी शिकवायला. "दहा छर्रे एका नान्याखाली पाह्यले अन् खुश झाला," मदनसिंग म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, पण देवमनला चहा संपवता आला नाही.

शिरपूरच्या जत्रेत त्याने नेहमीच्या जागी पाटी लावली. मंदिराकडे निघालेले जैन यात्रेकरू बंदूक पाहून आधी दचकायचे आणि मग फुगे पाहून हसायचे. दुपारपर्यंत देवमनने रेटलं. मग एका गिऱ्हाइकासाठी नळी ओढली आणि हात अर्ध्यातच राहिला. ना खाली जाईना, ना वर येईना. गिऱ्हाईक वाट पाहत उभं. देवमनच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कळेमुळे आलं असं त्याला स्वतःलाच पटवावं लागलं.

पाटीमागून वच्छला आली. तिने त्याच्या हातातून बंदूक सोडवून घेतली, कमरेला टेकवून दोन्ही हातांनी नळी मोडली, छर्रा बसवला आणि गिऱ्हाइकाला दिली. जणू रोजचंच काम. गिऱ्हाईक बाईच्या हातात बंदूक पाहून गांगरलं. त्याचा नेम आणखीच चुकला.

"तुमी मागं बसा," ती म्हणाली. "फुगे फुगवा."

देवमन अठरा वर्षांत पहिल्यांदा पाटीमागे बसला. तिथे वारा नव्हता. रबराचा उग्र वास होता आणि गोणपाटात धपधप बसणाऱ्या छर्ऱ्यांचा आवाज. पहिले पाच फुगे त्याने झोकात फुगवले. आठव्याला कान बंद झाले. बाराव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि पाटीची फळी धरून बसावं लागलं. अजून दुपार होती.

गिऱ्हाइकं थोडी पांगली तेव्हा तो बाहेर आला. वच्छला बंदुकीचं टोक निरखत होती.

"या माशीले असंच ठिवायचं का?" तिने विचारलं.

मग त्याने तिला सांगितलं. पोहरादेवीची जत्रा, तो शिपाई, ती चक्कर, ती पक्कड. धंद्यासाठी नव्हे, हेही सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे पाहत नव्हता.

वच्छलाने माशीवरून अंगठा फिरवला. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "अन् मले अठरा वर्सं वाटत व्हतं, या मुलुखातल्या मानसाईचा नेमच खराब हाय!"

तिने पेटीतून पक्कड काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्याचा उजवा हात उठत नव्हता, म्हणून त्याने डाव्या हाताने घेतली.

"सरळ करू?" त्याने विचारलं. "मंग लय फुटतीन."

वच्छलाने फुग्यांनी भरलेल्या पाटीकडे पाहिलं, मग त्याच्या ओठांना चिकटलेल्या रबराच्या भुकटीकडे.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि पक्कड काढून घेऊन पुन्हा पेटीत टाकली. "आता फुगवनारे तुमी हाय."