मिक्सरचं लाल बटण

शेंगदाण्याची चटणी वाटताना मिक्सर बंद पडला, की सावेडीतल्या आमच्या शेजारचे शामकांतकाका पेपर अंथरायचे. प्रेमलाकाकूंना बॅटरी धरून समोर बसवायचे, सगळे स्क्रू खोलायचे आणि तासाभराने म्हणायचे, "झाला बघ!"

काका वारल्यावर मिक्सर पुन्हा बंद पडला. काकू मला घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने तो उलटा करून खालचं लाल बटण दाबलं. मिक्सर सुरू!

"एवढंच?" काकू कडाडल्या. "आणि हे मला तासभर समोर बसवायचे! लबाड कुठले!"

घरी येईपर्यंत त्या काकांशीच भांडत होत्या.

परवा मिक्सर परत थांबला. काकूंनी पेपर अंथरला, मिक्सर उलटा ठेवला आणि बॅटरी लावून समोर बसल्या. लाल बटणाला त्यांनी हात लावला नाही.