पाहुण्याच्या नावावर बसवलेला कमोड

माझ्या आईला अख्खी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्काचे गुडघे गेले, हट्ट मात्र शाबूत राहिला. धुळ्यातल्या आमच्या घरी संडास मागच्या परसात, उकिडवं बसायचा. तिथून उठणं जमेना तेव्हा तिने स्वतःच उपाय शोधला. दुपारनंतर पाणी प्यायचं बंद. खानदेशातला उन्हाळा आणि पाणी बंद! मे महिन्यात तिला सलाईन लावावं लागलं. असंच चाललं तर किडन्या हातच्या जातील, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

घरात कमोड बसवू या म्हटलं, तर अक्काने मला उडवून लावलं.

"खुर्चीवर बसीसन ते काम? मी काय कचेरीमा साहेब शे?"

त्याच सुमारास नरडाण्याला, मी नोकरी करते त्या सूतगिरणीत, नवं यंत्र बसवायला एक तुर्की इंजिनिअर आला. चांगला धिप्पाड, मिशाळ माणूस. त्याला बघताच माझ्या डोक्यात किडा वळवळला. घरी येऊन मी अक्काला म्हटलं, परदेशी पाहुण्याला जेवायला बोलावलंय, त्याला परसात कसं पाठवायचं? गावाची अब्रू जाईल. गावाची अब्रू म्हटल्यावर अक्का विरघळली.

"पाव्हनाकरता कर. मन्हं नाव लेऊ नको."

आठवड्याच्या आत गवंड्याने न्हाणीघराला लागून कमोड बसवला. पाण्याचा फवारा तेवढा बसवायचा राहिला. राहू दे, म्हटलं, परदेशी लोकांना कागद लागतो. मी कागदाची गुंडाळी आणून टांगली, बादली हलवली आणि टमरेल तर पार पलंगाखाली ढकललं. पाहुण्याच्या नजरेला पडायला नको.

रविवारी मी त्याला माझ्या गाडीतून घरी आणलं. गाडीला पुढे लिंबू-मिरची लटकलेली. ती बघून तो खूश झाला. त्यांच्याकडे म्हणे गाडीच्या आरशाला निळ्या काचेचा डोळा टांगतात, दृष्ट लागू नये म्हणून. तिकडे लग्नात नवरीची गाडी निघाली की गल्लीतली पोरं आडवी पडतात आणि पैशाचं पाकीट मिळाल्याशिवाय हलत नाहीत. कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या गाडीमागे भांडंभर पाणी ओततात, पाण्यासारखा सुखरूप जा आणि पाण्यासारखा परत ये म्हणून. आम्ही हातावर दही ठेवतो, असं मी त्याला सांगितलं. चालत्या गाडीत ते सांडत नाही का, हा त्याचा प्रश्न.

घरात आल्या आल्या त्याने अक्काचा हात धरला, त्याला ओठ टेकवले आणि तो आपल्या कपाळाला लावला. तिकडे मोठ्या माणसांना असा नमस्कार करतात. अक्काने विंचू चावल्यासारखा हात मागे घेतला आणि पदराने पुसला. मग तो आमच्या नव्या कमोडकडे गेला. मी कान टवकारून बसले. दोन मिनिटांत दार उघडलं, बाहेर आला तो गोरामोरा चेहरा करून आणि मूठ वळवून ओतल्याची खूण करत. पाणी!

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. अक्का मात्र पलंगाखाली काठी घालून टमरेल ओढून मोकळी झाली. ते भरून तिने त्याच्या हातात दिलं आणि थेट परसाचं दार दाखवलं. तो गेला आणि हसत परत आला.

"देख," अक्का मला म्हणाली, "त्याले बी आपलंच गोड लागनं."

माझ्या बेताचा पार विचका झाला. वरून जेवताना या गृहस्थाने तोच विषय काढला. भरीत आणि कळण्याची भाकरी समोर, आणि मी दुभाषी! तो सांगत होता, युरोपातले लोक उकिडव्या संडासाला तुर्की म्हणतात. तुर्कही त्याला तुर्कीच म्हणतात आणि कमोडला फिरंगी. इस्तंबूलच्या जुन्या राजवाड्यात तर सुलतानाच्या घरच्यांसाठी ते संगमरवरी आहेत. त्यांच्या फिरंगी कमोडातही आत पाण्याची बारीक नळी असतेच, कागदावर भागत नाही. अक्का प्रत्येक वाक्याला माझ्याकडे बघून मान डोलवत होती.

पण त्याचं लक्ष तिच्याकडे होतं. भिंत धरून उठणं त्याने पाहिलं, तिखट भरीत खाऊनही पाण्याचा तांब्या दूर सारणं पाहिलं. तो हळूच म्हणाला, माझी आई गावाकडे हेच करते. गुडघे दुखतात, पाणी पीत नाही. मी फिरंगी कमोड बसवून दिला, तर त्यात कांदे साठवते. मी इकडे, तिला कोण समजावणार? बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

"काय म्हने तो?" अक्काने विचारलं.

मी म्हटलं, त्याच्या आईचे गुडघे तुझ्यासारखेच. आधी ती पण नको म्हणत होती. आता रोज फिरंगी कमोडवर बसते, तांब्या तांब्या पाणी पिते आणि शेजारणींना बोलावून दाखवते.

त्याला सोडायला मी गाडी काढली तेव्हा गाडीमागे पाणी ओतायची त्यांची रीत मी तिला सांगितली. हाताशी टमरेलच होतं, तिने तेच ओतलं. त्याने काचेतून वळून इतक्या प्रेमाने हात हलवला की त्याच्या आईबद्दल मारलेली थाप त्याला सांगायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराशेजारच्या दाराला आतून कडी. मी बाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळाने अक्का टमरेल घेऊन बाहेर आली, भिंत न धरता. माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याने पेला भरून पाणी प्यायली. मला रडू फुटलं. तिने तिकडे लक्षच दिलं नाही.

"त्याले फोन लाव. त्यानी मायले सांग, धुयानी एक डोकरी बी आज तठे बसनी."

धुळ्याची एक म्हातारीही आज कमोडवर बसली, असा निरोप! आता काय करता! मी अंगणात जाऊन फोन लावला, अक्काचा निरोप दिला आणि काल जेवताना काय भाषांतर केलं ते त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अक्काचा निरोप तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठव.

"तुझ्या आईला आमची बोली कुठे कळणार?" मी विचारलं.

"नाही कळणार," तो म्हणाला. "भाषांतर मी करीन."